पीटीच्या तासाला सूट

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस दिल्लीत पॅरा अॅथलेटिक्सची जागतिक स्पर्धा झाली. शंभरावर देशांचे खेळाडू आले होते. भारताने त्यात २२ पदकं मिळवली, त्यातली ६ सोन्याची. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये २९ पदकं मिळाली होती. एवढी मोठी बातमी. पण आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी ती काढली, तर एक जण चटकन म्हणाली, ''ताई, ते अपंगांचं ना? त्यात काय, गटच इतके असतात की सगळ्यांनाच काही ना काही मिळतं!''

तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिकलेल्या, शहरातल्या घरांतही मी हेच ऐकलं आहे. टाळ्या वाजवायच्या, डोळे पुसायचे आणि मनातल्या मनात म्हणायचं, खरा खेळ तो वेगळाच. म्हणून मैत्रिणींनो, आधी या गटांचंच बोलू.

आपल्याकडे कुस्तीचं वेड आहे. जत्रेच्या आखाड्यापासून महाराष्ट्र केसरीपर्यंत सगळं आपण बघतो. ५७ किलोचा पैलवान ९७ किलोच्या पैलवानाशी लावत नाहीत आणि ५७ किलोत जिंकलेल्याला कुणी 'अर्धा पैलवान' म्हणत नाही. पॅरा खेळातले गट तसेच. फक्त इथं वजनाऐवजी शरीर किती आणि कसं चालतं ते पाहतात. 'टी' म्हणजे धावण्याचे प्रकार, 'एफ' म्हणजे फेकीचे. पुढचा आकडा अपंगत्वाचा : ११ ते १३ दृष्टीचं, २० बौद्धिक, तिशीतले आकडे सेरेब्रल पाल्सीसारख्या त्रासांचे, चाळिशीतले ठेंगणेपणाचे आणि हातापायांचे, पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे. तपासणी फार कडक असते. २०२१ मध्ये टोकियोत विनोद कुमार यांनी थाळीफेकीत कांस्य जिंकलं होतं, पण ते त्या गटात बसत नाहीत असं ठरलं आणि पदक गेलं.

आणि सगळ्यांना काही ना काही मिळतं म्हणता? मुंबईत वाढलेली मानसी जोशी बघा. २०११ च्या डिसेंबरात अपघातात तिचा डावा पाय गेला. इंजिनीअर मुलगी, कृत्रिम पाय लावून बॅडमिंटन खेळत राहिली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये बासेलला विश्वविजेती झाली. त्याच गावात, त्याच सुमारास सिंधूही विश्वविजेती झाली. सिंधूचं नाव तर पोराटोरांनाही ठाऊक झालं, मानसीचं किती जणींनी ऐकलं? पुढे टोकियोत बॅडमिंटन पहिल्यांदा पॅरालिम्पिकमध्ये आलं, तेव्हा मानसीचा एकेरीचा महिला गट त्यात घेतलाच नव्हता. जगात पहिली आली, पण तिच्या खेळाला तिथं जागाच नाही! पॅरिसला तो गट आला. तोवर पाच वर्षं गेली होती आणि ती साखळीतच हरली. गटांचा असाही फटका असतो.

या खेळांची सुरुवात झाली ती दवाखान्यात. दुसऱ्या महायुद्धात कण्याला मार बसलेले सैनिक इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात होते. लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरांनी २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथल्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. १६ जण उतरले, त्यांत दोन बायका होत्या. मला या दोन बायकांचं फार कौतुक वाटतं. १९६० ला रोममध्ये २३ देशांचे खेळाडू जमले आणि आपण ज्याला पॅरालिम्पिक म्हणतो ते रीतसर सुरू झालं.

भारत पहिल्यांदा गेला तो १९६८ साली, तेल अवीवला. त्यात आपले मुरलीकांत पेटकर होते. सांगलीकडच्या पेठ-इस्लामपूरचा हा मुलगा सैन्यात ईएमईमध्ये गेला, तिथं बॉक्सिंग खेळला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि त्यातून पोहणं सुरू झालं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. अभिनव बिंद्राचं २००८ चं सोनं ते ऑलिम्पिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पेटकरांचं पॅरालिम्पिकमधलं सोनं त्याच्या ३६ वर्षं आधीचं. सरकारने त्यांना पद्मश्री दिली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार दिला तो २०२५ च्या जानेवारीत. २०२४ ला त्यांच्यावर 'चंदू चँपियन' हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा कुठं महाराष्ट्राला कळलं की हा माणूस इतकी वर्षं पुण्यात राहत होता!

त्यानंतर आपला देश रडतखडत जात राहिला. १९७६ आणि १९८० ला गेलाच नाही. १९८४ ला चार पदकं आली. त्यात भालाफेकीचं रौप्य भीमराव केसरकरांचं. मग पुन्हा वीस वर्षं सामसूम. २००४ ला अथेन्समध्ये देवेंद्र झाझडियाचं सोनं, २०१२ ला लंडनमध्ये मोजून एक पदक. २०१५ मध्ये तर कळसच झाला. गाझियाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरवलं, व्हीलचेअर आत जाईल असं शौचालय नाही. त्यावरून बरीच ओरड झाली आणि आंतरराष्ट्रीय समितीने भारताच्या पॅरालिम्पिक समितीलाच निलंबित केलं.

१९६८ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांत भारताची सगळी मिळून पदकं होती १२. एकट्या टोकियोत १९ आली, मग पॅरिसला २९. एवढं काय बदललं? पैसा आला, हे पहिलं. टोकियोच्या तयारीला केंद्राने २६ कोटी दिले होते, पॅरिसच्या तयारीला ७४ कोटी. प्रशिक्षक, परदेशी सराव, चांगले कृत्रिम अवयव, बक्षिसं. हरियाणासारखं राज्य ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकच्या पदकाला सारखंच बक्षीस देतं, सोन्याला सहा कोटी. तिथली मुलं भाला घेऊन धावताहेत यात नवल नाही.

पण मी बाईमाणूस, मी पदकांच्या आधी माणसांची यादी बघते. २०१६ ला रिओला भारताचे १९ खेळाडू गेले, त्यांत बायका ३. टोकियोला ५४ गेले, बायका १४. पॅरिसला ८४, बायका ३२. आणि या ३२ मधल्या दहा जणी पदक घेऊन आल्या. खेळायला पाठवलं की आणतात, दुसरं काय!

मग प्रश्न पडतो की पाठवलं कुणाला जातं. यादीतल्या पुरुषांच्या मागे बऱ्याचदा एखादी संस्था उभी दिसते. पेटकरांच्या मागे सैन्य होतं. पॅरिसला गोळाफेकीत कांस्य मिळवणारे नागालँडचे होकाटो सेमा हेही सैनिक. भूसुरुंगात पाय गेला, आणि खेळाकडे वळले ते पुण्यात. वानवडीला सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला पॅरा खेळाडूंसाठी सैन्याचं खास केंद्र आहे. म्हणजे या विषयात पुणे जिल्हा मागासलेला बिलकूल नाही. सैन्यात नसलेल्यांपैकी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी घ्या. शाळकरी वयात सायकलवरून पडला, हाताला गँगरीन झालं आणि हात कायमचा अधू राहिला. शिकून इंजिनीअर झाला, पुण्यात राहून सराव केला आणि पॅरिसला १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य आणलं. सोनं फक्त सहा सेंटिमीटरनं हुकलं. त्याच्या मेहनतीला तोड नाही. तरी मला दिसतं ते हे, की तो कॉलेजला गेला, शहरात राहिला, मैदानापर्यंत पोहोचला. मुलगा म्हणून घराने त्याला बाहेर पाठवलं. अधू हाताच्या मुलीला किती घरं असं पाठवतील?

ज्या मुली पोहोचल्या, त्यांच्या मागे संस्थेच्या आधी कुणीतरी एक हट्टी माणूस दिसतं. तेलंगणातल्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी, रोजंदारी करणाऱ्यांची लेक. बौद्धिक अक्षमतेमुळे गावाने तिला काय काय नावं ठेवली, आईबापांना 'अनाथाश्रमात टाका' असे सल्ले दिले. त्यांनी टाकलं नाही. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी तिचं पळणं पाहिलं आणि पुढे ती ४०० मीटरला पॅरिसचं कांस्य घेऊन आली. उत्तर प्रदेशातल्या शेतकरी घरातली प्रीती पाल हिने पळण्याच्या शर्यतींत दोन कांस्यं मिळवली. पॅरालिम्पिकच्या धावपट्टीवर भारताला पदक मिळालं ते तिच्यामुळेच पहिल्यांदा. तमिळनाडूची तुलसीमती, तिला बॅडमिंटन शिकवलं तिच्या वडिलांनी. तुलसीमती, मनीषा आणि नित्या श्री, बॅडमिंटनमधल्या तिघीही तमिळनाडूच्या. दहातल्या तीन एका राज्याच्या!

आणि महाराष्ट्र? पॅरिसपर्यंतचा हिशेब मांडला तर महाराष्ट्राच्या मुलीच्या नावावर पॅरालिम्पिकचं एकही पदक नाही. गुणी मुली नाहीत असं अजिबात नाही. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्याची भाग्यश्री जाधव पॅरिसच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर तिरंगा घेऊन निघाली होती. २००६ मधल्या विषबाधेनंतर तिचे पाय गेले. व्हीलचेअरवरून गोळाफेकीला लागली, टोकियोत सातवी आली, पॅरिसला पाचवी. नागपूरची अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे हिची गोष्ट तर वाचूनच मान खाली गेली होती. २०१७ च्या जुलैत ती बर्लिनच्या स्पर्धेला गेली, मंजूर झालेले पैसे तिच्या हाती पोहोचलेच नाहीत, परक्या मुलखात उसनवारी करायची वेळ आली. तरी रौप्य घेऊन आली, आणि त्याच डिसेंबरात मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं.

दीपा मलिक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१६ ला रिओत गोळाफेकीचं रौप्य, पॅरालिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. त्यांचं खेळाडू म्हणून आयुष्य सुरू झालं ते नगरला, हे मात्र फार जणींना माहीत नसतं. नगर आम्हाला शिरूरवरून सरळ रस्त्याने. लष्करी अधिकाऱ्याची पत्नी, दोन मुलींची आई, १९९९ मध्ये मणक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर छातीखालचं शरीर निकामी. नगरमध्ये त्यांनी उपाहारगृह चालवलं आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्या खेळाकडे वळल्या. आपल्याकडे छत्तिसाव्या वर्षी बाई गुडघे धरून बसते! रिओला पदक घेतलं तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या. पण त्यांच्या पाठीशी लष्करी छावणीतलं जग होतं, शिक्षण होतं, नवरा होता. हे त्यांचं मोठेपण कमी करायला सांगत नाही. नगरची छावणी आणि उसातली वस्ती यांच्यात किती अंतर आहे, ते कळावं म्हणून सांगते.

आता आमच्या मांडवगणकडे या. भीमेकाठचा, उसाचा भाग. आमच्याकडे अपंगत्व युद्धाने येत नाही. ते कडबाकुट्टीतून येतं, मोटारीच्या शॉकने येतं, उसाच्या ट्रॉलीखाली येतं, अवघडलेल्या बाळंतपणातून येतं. इथल्या एका वस्तीवरची मुलगी, नाव सांगत नाही, नववीत आहे. पाचवीत असताना कुट्टीत तिचा उजवा हात कोपराखाली गेला. डाव्या हाताने लिहायला ती तीन महिन्यांत शिकली. त्याच हाताने ती दगड मारून चिंचेचा आकडा असा पाडते की बघत राहावं. एक हात अधू असलेल्यांचा फेकीचा गट 'एफ ४६', सचिन खिलारी ज्यात खेळतो तो. पॅरिसला या गटात मुलींसाठी गोळाफेक होती, भालाफेकही होती. ती नेमकी कुठल्या गटात बसेल ते तपासणी करणारे ठरवतील, मी कोण? पण तपासणीपर्यंत ती जाणार कशी?

कारण तिला पीटीच्या तासाला सूट आहे. शिक्षकांनी ती माणुसकीने दिली, आईने आनंदाने घेतली. वर्ग मैदानावर जातो तेव्हा ही बाकीच्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळत बसते. आणि घरी? घरी ती एका हाताने भांडी घासते, शेण काढते, हंडा कमरेवर घेते. भाकरीसुद्धा थापते, मी खाल्ली आहे, आपल्यापेक्षा गोल असते. या कामांना तिला सूट नाही. जी मुलगी एका हाताने अख्खं घर ओढते, ती एका हाताने गोळा टाकू शकेल हे कुणाच्या मनातच येत नाही.

तिच्या आईशी मी बोलले. तिनं फार सरळ उत्तर दिलं. ''ताई, आधीच हात गेलेली. चार लोकांत मैदानावर उभी केली म्हणजे सगळ्या पंचक्रोशीला दिसणार. उद्या हिला कोण करून घेईल?'' तिला आपण शहाणपण शिकवायला जावं, तर तिची भीती खोटी नाही. शिवाय पाळी आली की शाळेत आडोशाची सोय नाही, एसटीची उंच पायरी, पहाटे उसाच्या कडेने पळायचं म्हटलं तर बिबट्याचं भय. या भागात लेकरं गेली आहेत बिबट्याच्या तोंडी. धडधाकट मुलीलाही पहाटे कुणी पाठवत नाही, तिथं हिला कोण पाठवणार?

कायदा मात्र सगळं देतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले. त्यातलं ३० वं कलम खेळाचंच आहे. सोयी, प्रशिक्षण, संधी देणं ही सरकारची जबाबदारी. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग काढला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं, पाट्या नव्याने रंगवल्या. पायऱ्या तशाच राहिल्या. हे सगळं मिळवायचं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड हवं, आणि त्यासाठी माझ्या माहितीतल्या आईबापांनी रोज बुडवून तीन-तीन फेऱ्या मारल्या आहेत. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा यंत्र बंद, एकदा कागद कमी.

त्या ५ टक्क्यांचं काय होतं तेही सांगते. आमच्या भागातल्या एका गावात, मांडवगण नव्हे, दिवाळीच्या आधी माणशी थोडी थोडी रक्कम वाटली, फोटो काढला, विषय संपला. वाटायचा हक्क आहे, नाही म्हणत नाही. गरजवंताला पाचशे रुपयेही मोठे असतात. पण दरवर्षी सगळंच वाटून टाकलं तर ग्रामपंचायतीच्या दाराला उतार कधी होणार? लोखंडी गोळा काही फार महाग नसतो. तालुक्याला निवड चाचणीसाठी मुलीला आणि तिच्याबरोबर आईला न्यायचं गाडीभाडं किती होईल? वर्षभरात एका दिव्यांग मुलीवर एवढा खर्च केला म्हणून कुठली पंचायत बुडाली नाही.

मला हिशेब असा दिसतो. वरच्या टोकाला देशाने पैसा ओतला आणि पदकं आली, झकास झालं. पण तो पैसा सुरू होतो जिल्ह्याच्या, राज्याच्या मैदानावर, जो तिथं पोहोचला त्याच्यासाठी. उंबरठ्यापासून त्या मैदानापर्यंतची वाट अजून घरच्यांच्या ऐपतीवर आणि हट्टावर सोडलेली आहे. मुलगा असेल तर तो कसाबसा ती काढतो. मुलीला आधी आईच्या काळजीतून वाट काढावी लागते. दीप्तीच्या वाटेवर खेळाचे शिक्षक उभे होते. आमच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत खेळाला वेगळे शिक्षकच नसतात. एकच गुरुजी सगळे विषय शिकवतात, पोषण आहाराची नोंद ठेवतात आणि माहितीही भरतात. त्यांनी कुणाचा हात बघावा आणि कधी?

सध्या आम्ही बायकांनी एवढंच ठरवलं आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक वेळा कागदावरच होते. येत्या महिला सभेला आम्ही लेखी विषय दिला आहे : गेल्या तीन वर्षांत दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून किती जमले, कशावर गेले, आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुली किती. हे आकडे सभेत वाचून दाखवा एवढंच मागितलं आहे. त्या मुलीच्या शाळेतही आम्ही दोघी-तिघी गेलो होतो. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. पीटीची सूट काढतो म्हणाले, पण जबाबदारी नको म्हणून आईची सही असलेलं पत्र मागितलं. पत्र मी लिहून दिलंय, ते आईकडे आहे. तिची सही अजून व्हायची आहे. तिला मुलीच्या वडिलांना विचारायचंय, आणि ते ऊसतोडीच्या गडबडीत आहेत.